पिवळा ठेवला, कुंकू काळं झालं

आमच्या दारचा लिंब पानगळीत पिवळा होतो, हे मला लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. कडुलिंबाला आम्ही नुसता लिंबच म्हणतो. माघ संपत आला की त्याची पानं गळायला लागतात, आणि फाल्गुनात तर सकाळी झाडलेलं अंगण दुपारपर्यंत परत भरतं. ती पानं मी इतकी वर्षं झाडली. पण हातात खराटा असला की माणूस खाली बघतो, आणि खाली पडलेलं पान वाळून तपकिरी होतं. त्यामुळे माझ्या डोक्यात पानगळ म्हणजे कचरा आणि कंबरदुखी, एवढंच होतं.

वर बघायला लावलं ते मोबाईलनं.

मोबाईल लेकीचा जुना. तिनं सासरी गेल्यावर नवा घेतला आणि हा मला दिला. काचेला वरच्या कोपऱ्यात तडा आहे. आईनं फोन उचलावा, एवढीच तिची अपेक्षा. मी चौथी शिकलेली. मराठी वाचते, सावकाश लिहितेही. इंग्रजी अक्षरं ओळखते पण त्यांचा शब्द जुळत नाही. म्हणून फोनमधलं सगळं मी चित्रांवरून शिकले. फोटोच्या खाली पेन्सिल असते. ती दाबली की आणखी चित्रं येतात, त्यात एक थेंब असतो. एका सकाळी लिंबाचा फोटो काढून मी तो थेंब दाबला आणि माझं बोट पानांवर टेकलं. बघता बघता फोटोतले पत्रे गेले, भिंतीचा चुना गेला, आभाळ राखेसारखं झालं. जुन्या काळच्या फोटोसारखं सगळं काळंपांढरं. आणि त्या राखेत आमचा लिंब एकटा पिवळा उभा होता.

मी मान वर करून खऱ्या झाडाकडे बघितलं. ते खरंच पिवळं होतं.

मी बोलणारी बाई नाही. लग्नकार्यात मला शोधायचं असेल तर भांडी घासतात तिथं बघावं. बाकीच्या बायका एकमेकींचा हात धरून दाखवतात, अगं हे बघ, ते बघ. मला तसा कुणाचा हात धरता आला नाही कधी. हा फोटो मात्र माझ्या वतीनं सांगत होता की इकडं बघा, बाकीचं राहू द्या. असं काही आपल्याला करता येतं हे कळल्यावर मी ते सोडणार नव्हते.

एक रंग ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. पिवळा ठेवा म्हटलं की फोन सगळाच पिवळा ठेवतो. त्याला झाड कळत नाही, फक्त रंग कळतो. लिंबाबरोबर कडब्याची गंजी राहायची. रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा जेसीबी राहायचा, आणि मग बघणारा आधी जेसीबीच बघायचा. शेजारच्या उंबऱ्यावरची हळद राहायची. म्हणून मी झाडाच्या आधी झाडाच्या मागं काय आहे ते बघायला शिकले. दोन पावलं डावीकडं सरकलं की गंजी खोडामागं लपते. बोट कुठं टेकवायचं हेही बघावं लागतं. लिंबाचं पान एकदम पिवळं होत नाही, देठाकडं हिरवं राहतं. त्या हिरव्यावर बोट पडलं तर शेजारच्या रानातला सगळा हरभरा फोटोत उतरतो. दुपारच्या उन्हात पिवळा पांढरट पडतो. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हाच पानात उजेड भरतो. हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. फोटो काढायचा, बिघडायचा, परत काढायचा.

सगळ्यात त्रास धुळीचा. रस्त्याची धूळ पानांवर बसून पिवळ्याचा मातकट होत होता. मग मी एका सकाळी फवारणीचा पंप स्वच्छ धुतला, पाठीवर घेतला, नळी उंच करून लिंबाच्या खालच्या फांद्यांवर पाणी मारायला लागले.

आमची घरं दोन, पण अंगण एक. पलीकडच्या घरात माझा धाकटा दीर आणि माझी धाकटी जाऊ राहतात. माझे मालक गेले तेव्हा लेक कडेवर होती. तेव्हापासून मी, जाऊ आणि दीर, आमचं दोन चुलींवर पण एका भाजीत चालत आलेलं आहे. जाऊ मला बाई म्हणते. ती एवढं बोलते की मला बोलायची गरजच पडत नाही. कदाचित म्हणूनच आमचं पटलं. पंपाचा आवाज ऐकून ती दारात आली.

"बाई, काय करून राह्यलात? लिंबाला फवारणी?"

"नुसतं पाणी हाय. धूळ धुते."

"अगं माय! आता लिंबाला आंघोळ. मंग पावडर टिकली बी लावून टाका की!"

ती हसत हसत आत गेली आणि खराटा घेऊन बाहेर आली. झाडाखाली झाडायला लागली. धुतलेल्या पानांतून ऊन येत होतं. वाऱ्यानं पानं सुटली आणि तिच्या अंगावर, खांद्यावर पडत राहिली. ती झाडता झाडता क्षणभर थांबली आणि तिनं वर बघितलं. मी पंप पाठीवर असतानाच फोटो काढला.

तो माझा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला फोटो होता. मी पिवळ्यावर बोट टेकवलं. घर, अंगण, जाऊ, सगळं राखाडी झालं, आणि तिच्याभोवती पिवळी पानं हवेत थांबलेली. मी तो लेकीला पाठवला, आधीचा रंगीतही. लेकीनं कौतुकानं पिवळाच भावकीच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर अंगठे येत राहिले. जावेलाही मी दाखवला. उन्हात, तडा गेलेल्या काचेवर तिनं घाईत बघितला आणि म्हणाली, "झाडताना बरी दिसते की मी."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दिराच्या छातीत दुखायला लागलं. रानातून येऊन बाजेवर बसले ते घामानं भिजलेले. त्यांना टेंभुर्णीला नेलं, तिथून तसंच जालन्याला. डॉक्टरनं हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. जाऊ तिकडंच राहिली. मी इकडं दोन्ही घरची जनावरं आणि चूल सांभाळली.

ती कपडे न्यायला आली ती चप्पल न काढता सरळ माझ्या चुलीपर्यंत आली. दिराचा मोबाईल तिच्या हातात होता. त्यात माझा फोटो होता.

"हे बघा."

मी बघितलं.

"पानं बघू नका. माझं कपाळ बघा."

कपाळावर तिचं कुंकू होतं. पण ते काळं होतं. हातातल्या हिरव्या बांगड्या राखेच्या झाल्या होत्या.

"दवाखान्यात मावशी आल्ती माझी. ह्यात हा फोटो बघून म्हणली, कपाळाला बुक्का कशाला लावलास गं, नवरा जित्ता असून? सगळ्यांम्होरं म्हणली. हे आत, टेबलावर. अन् मी बाहेर हे बघून राह्यले."

"ते मोबाईल करतो तसं. मी फक्त पिवळा…"

"मोबाईल करतो! बोट कुणाचं होतं?"

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तुमच्या ध्यानात कसं न्हाई आलं, बाई? दुसऱ्या कुणाच्या न्हाई आलं तर चालंल. तुमच्या?" मग तिचा आवाज खाली आला. "तुमच्यासारखी केलीत मला."

एवढं बोलून ती कपड्यांची पिशवी भरून निघून गेली. मी चुलीपाशी बसून विचार केला की खरंच, माझ्या कसं लक्षात आलं नाही. आणि मग कळलं. मी मालक गेल्यापासून काळी टिकली लावते. आरशात रोज काळीच बघते. बाईच्या कपाळावर काळा ठिपका बघायची माझ्या डोळ्याला सवय आहे. त्याला त्यात काही बिघडलेलं दिसलंच नाही.

दीर सुखरूप घरी आले. पण जाऊ माझ्याशी बोलेना. भाजीची वाटी यायची बंद झाली. मी पाठवलेली वाटी तशीच धुवून परत यायची, आत काही न घालता. सकाळी ती तिच्या घरापासून अंगणाच्या मध्यापर्यंत झाडायची आणि तिथंच थांबायची. मीही पहिले दिवस माझ्या बाजूनं मध्यापर्यंतच झाडलं, आणि मधे लिंबाच्या पानांची एक पट्टी राहायला लागली. येणारे-जाणारे तिच्यावरून चालत जायचे. एका सकाळी मला ते सहन झालं नाही. मी ती पट्टी झाडली आणि पुढं तिच्या दारापर्यंत झाडत गेले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी उठली आणि परत मध्यापर्यंतच झाडून घेतलं. मी परत पट्टी झाडली. असं चालू राहिलं.

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तो फोटो डिलीट कर, ग्रुपवरचा मी काढते. आणि ते सगळं बंद कर आता. काकूपेक्षा फोटो मोठा आहे का?"

फोटो मी पुसून टाकला. पण बंद करणं मला पटेना. माझ्या आयुष्यात ज्या गोष्टी बंद झाल्या त्या मला न विचारता बंद झाल्या. शाळा, रंगीत लुगडी, हळदीकुंकवाला जाणं. ही एक गोष्ट मी स्वतः सुरू केली होती. मला जाऊही पाहिजे होती आणि फोटोही. दोन्हीतलं एकही सोडायचं नाही असं मी ठरवलं. कसं ते माहीत नव्हतं.

जावेचं मला दुसरंही काही आठवत होतं. मालक गेले त्या दिवशी बायका माझ्याभोवती बसल्या होत्या. एक म्हातारी दगड घेऊन आली, बांगड्या फोडायला. जाऊ तेव्हा नवी नवरी, घरात येऊन वर्षही झालेलं नव्हतं. ती मधे बसली आणि म्हणाली, बाईच्या बांगड्या मी काढते. मोठ्या बायका तिच्यावर ओरडल्या. तिनं ऐकलं नाही. माझ्या मनगटाला साबण लावून एकेक बांगडी हळूच काढली. एकही फुटली नाही. मला एकही ओरखडा आला नाही. अशा बाईच्या हातातला हिरवा रंग मी एका बोटानं काढून टाकला होता, आणि तिचा नवरा दवाखान्यात असताना तिला तो बघावा लागला होता. तिची भीती मला खोटी म्हणता येईना.

मी परत थेंबाचं चित्र घेऊन बसले. मला कळलं की थेंबाच्या शेजारी एक ब्रश असतो, आणि त्यानं गेलेला रंग बोटानं परत आणता येतो. पुसलेल्या फोटोचा मूळ रंगीत लेकीकडून परत मागवला. तिनं कुरकुर करत पाठवला. त्यात आधी पिवळा ठेवला, मग ब्रश घेऊन जावेच्या कपाळावर मी बोट फिरवलं. माझं बोट शेतात काम केलेलं, जाड. काच तडकलेली. कुंकू लाल झालं, पण त्याबरोबर सगळं कपाळ रंगात आलं, आणि उन्हानं तिच्या कपाळावर तांबूस झाक होती तीही आली. राखाडी बाईच्या कपाळातून रक्त आल्यासारखं दिसायला लागलं. मी घाबरून फोन पालथा टाकला. बरं झालं, हे कुणी बघितलं नाही.

पुढचे दिवस मी माणूस न घेता नुसती झाडं काढली. बांधावरची बोर, ओढ्याकाठचा पिंपळ, पार शेंड्यापर्यंत उघडा झालेला. त्या दिवसांत मला एक गोष्ट समजली, जी आधी समजायला पाहिजे होती. एक रंग ठेवला असं आपण म्हणतो, पण खरं काम ठेवण्याचं नसतंच. बाकीचे सगळे रंग आपण काढून घेत असतो. झाडाची पानं झाड स्वतः सोडतं. फोटोतला रंग माझं बोट काढतं. जे काढायचं ते कुणाचं आहे, हे बघितल्याशिवाय बोट टेकवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

दिराला डॉक्टरनं वजन उचलायला बंदी केली होती. ते दिवसभर लिंबाखाली बाजेवर बसून असायचे. एका दुपारी मी पट्टी झाडत होते तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"वैनी, आता लई झालं तुमचं दोघींचं. मी जित्ता हाय की. फोटोनं माणूस जात असता तर चौकातल्या बॅनरवरचा एक बी राह्यला नसता."

आतून जाऊ म्हणाली, "तुम्ही गप बसा. डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"वजन उचलू नको म्हणलाय. बोलू नको न्हाई म्हणलेला."

"तुमची जीभ काय कमी वजनाची हाय?"

दीर हसले. मलाही हसू आलं, पण मी खराट्याकडे बघत राहिले.

"हिनं राजूरच्या गणपतीला नवस बोललाय," ते म्हणाले. "चतुर्थीला जायचंय. मला एवढ्या गर्दीत जायला मनाई. वैनी, तुम्ही जा हिच्यासंगं."

आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. नकार आला नाही.

चतुर्थीला आम्ही एसटीनं निघालो. एकाच बाकावर बसलो, मधे नारळाची पिशवी. सगळ्या वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. फक्त राजूर जवळ आल्यावर माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "मोबाईल आणला का?"

"आणलाय."

तिनं परत खिडकीकडं तोंड केलं. घरी ठेवून यावा असं मलाही सकाळी वाटलं होतं. पण लपवून ठेवला तर मी चोरी केली असं होईल, आणि मी चोरी केली नव्हती, चूक केली होती.

देवळात गर्दी होती. तिनं नारळ फोडला, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. पुजाऱ्यानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, चांगलं बोटभर. खाली उतरून आम्ही एका रसवंतीपाशी आलो. चरकाचे घुंगरू वाजत होते. रसवंतीच्या मागं एक झाड होतं, त्याला कट्टा बांधलेला. उपासानं तिला थकवा आला होता. ती जाऊन कट्ट्यावर बसली. मी दोन ग्लास रस घेऊन वळले आणि तशीच उभी राहिले.

ते बदामाचं झाड होतं, मोठ्या पानांचं, ज्याच्या बदामातलं पांढरं बी पोरं दगडानं फोडून खातात. पानगळीत मी ते कधी नीट बघितलं नव्हतं. वर थोडीच पानं उरली होती, खाली कट्ट्यावर आणि मातीत खूप होती. सगळी लाल. मिरचीचा लाल नव्हे, विटेचाही नव्हे. जावेच्या कपाळावर घामानं जरा पसरलेलं कुंकू होतं, बरोबर त्याच रंगाची.

मी ग्लास तिच्या हातात दिला. कुणाला काही मागायची मला सवय नाही. तरी मी म्हणाले, "तुझा फोटो काढू का?"

ती ग्लास तोंडापाशी नेता नेता थांबली. "परत काळी करायला?"

"न्हाई. ह्या वेळी लाल ठेवायचा. अन् रंगावर बोट तू ठेवायचं. मी हात लावणार न्हाई."

ती रस प्यायला लागली. सगळा ग्लास तिनं सावकाश संपवला. मी उभीच होते. ती नाही म्हणाली असती तर मी परत विचारलं असतं. उद्या विचारलं असतं, पुढच्या चतुर्थीला विचारलं असतं. हे तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"एकच काढा," ती म्हणाली. "अन् बिघडवला तर मोबाईल त्या चरकात घालीन मी, सांगून ठेवते. उसासंगं."

मी मागं झाले. तिच्या पाठीमागं रसवंतीच्या लाल खुर्च्या होत्या आणि पलीकडं रस्त्यावर एसटी उभी. लाल ठेवायचं म्हटल्यावर एसटी राहणारच. "तिकडं सरक," मी म्हणाले. "अजून. खोडाकडं. आता ती खुर्ची पायानं ढकल."

"बाई, तुम्ही हुकूम सोडायला कवापासून लागल्या?"

"एसटी जाऊ दे. थांब जरा."

एसटी गेली. धूळ बसायला वेळ लागला. तोपर्यंत ती सरळ बसायचं सोडून सैल झाली, एक पान उचलून त्याच्या देठाशी खेळायला लागली. तेव्हा मी फोटो काढला. मग तिच्या शेजारी बसले, थेंब दाबला आणि फोन तिच्या पुढं धरला.

"कुठं ठेवू?"

"तुला जे ठेवायचं तिथं."

तिनं बोट पदराला पुसलं. पानांवर नाही, फोटोतल्या तिच्या कपाळावर टेकवलं, नेमकं कुंकवावर, जसं सकाळी आरशापुढं लावते तसं. फोटो राखाडी व्हायला लागला आणि तिनं श्वास धरला. आभाळ गेलं, कट्टा गेला, साडी गेली. कुंकू राहिलं. आणि त्या कुंकवाबरोबर मागचं सगळं झाड राहिलं, वरची थोडी पानं आणि खालचा सडा. एकाच पुडीतलं वाटावं असं.

ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "बांगड्या गेल्या माझ्या."

"हिरव्या हायेत ना. एका वेळेला एकच रंग राहतो."

मला वाटलं आता फोन चरकात जातो. ती हातातल्या खऱ्या बांगड्या मागं-पुढं करत बसली.

"तुमच्या बांगड्या काढल्या, तवा मी साबण लावला होता. ध्यानात हाय?"

"हाय."

"मंग झालं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमच्यासारखी केलीत म्हणले मी. तसं म्हणायचं नव्हतं मला."

"म्हणायचं होतं. अन् बराबर होतं. तू भ्याली होतीस. माझ्या डोळ्याला दिसायला पाहिजे होतं ते, न्हाई दिसलं. आता दिसंल."

तिनं नाकाला पदर लावला आणि एकदम उठली. "चला, आता तुम्ही बसा."

"मी? मी कशाला?"

"मला सरक तिकडं, सरक तिकडं म्हणून नाचवलंत. बसा बिलकुल गप."

माझा फोटो आधारकार्डावर आहे तेवढाच. मी कट्ट्याच्या टोकाला बसले, गुडघे जवळ घेऊन. तिनं फोन आडवा धरला, उभा धरला, माझी टिंगल केली आणि दाबला. मग शेजारी येऊन बसली आणि बोट वर धरून विचारलं, "तुमचं काय ठेवायचं?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी फोटोतल्या बाईकडे बघितलं. फिक्या तपकिरी रंगाचं लुगडं. मोकळे हात. काळी टिकली. मागं बदाम लालभडक, पण ते लाल माझं नव्हतं. ते तिचं होतं. मी खालपर्यंत बघत आले. पायात रबरी चप्पल होती. तिचे पट्टे तुटले म्हणून मी बाजारातून दुसरे आणून घातले होते, झगझगीत निळे. त्याच चपला घालून मी महिनाभर बांधावर, ओढ्याकाठी झाडं शोधत फिरले होते.

"पट्टे," मी म्हणाले.

"कशाचे?"

"चपलेचे."

ती एवढी हसली की रसवंतीवाला बघायला लागला. "सगळं झाड सोडलं अन् चपलेचे पट्टे! बाई, तुमचं काही खरं न्हाई." पण तिनं बोट निळ्यावर टेकवलं. झाडाचा लाल गेला. मी गेले. राखाडी कट्ट्यावर दोन निळे पट्टे राहिले, चालायला निघाल्यासारखे. तो फोटो माझ्याकडे आहे. मी कुणाला पाठवलेला नाही. मला तो आवडतो.

घरी आल्यावर दिरानं बदामाचा फोटो बघितला आणि म्हणाले, "झाड झकास आलंय." जाऊ म्हणाली, "झाडाखाली बसलेली बाई दिसून न्हाई राह्यली का तुम्हाला?" दुसऱ्या सकाळी तिनं अंगण माझ्या उंबऱ्यापर्यंत झाडलं. मी उठले तेव्हा झाडायला काही उरलं नव्हतं.

पण माझं काम संपलं नव्हतं. मला लिंबाचा तो फोटो परत पाहिजे होता, पिवळ्या पानांचा, आणि त्यात तिचं कुंकू लाल पाहिजे होतं. म्हणजे दोन रंग, आणि दुसरा बोटानं भरायचा. वर्षभर मी त्याची सवय केली. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, एवढा मोठा की कपाळच सगळ्या काचेवर येईल, आणि मग करंगळीच्या टोकानं भरायचं. बोरावर, मिरचीवर, कोंबड्याच्या तुऱ्यावर करून बघितलं. तुऱ्याचा लाल महिनोन् महिने बाहेर सांडत होता. मग सांडायचा थांबला. दुसऱ्या बायकांचे फोटो काढायची वेळ आली तर मी आधी विचारते, तुमचं काय ठेवू? मला बोलायला जड जातं, पण हे विचारल्याशिवाय मी बोट टेकवत नाही.

यंदाच्या फाल्गुनात लिंब पिवळा झाल्यावर मी पंप धुतला. जाऊ खराटा घेऊन आपण होऊन आली. फोटो काढून झाल्यावर ती माझ्या शेजारी बसली.

"कुंकू ठेवा. बांगड्या ठेवा. अन् काठ बी ठेवा, नवं लुगडं हाय."

"न्हाई."

"अन् मंगळसूत्रातलं सोनं?"

"ते पिवळंच हाय, ते आपोआप राह्यलंय. बघ. पण बांगड्या न्हाई, काठ न्हाई. समदंच ठेवलं तर झाड कुठं दिसंल? पानं अन् कुंकू. बस."

"लई कडक झालात हो तुम्ही."

तिनं तोंड फुगवलं, पण उठून गेली नाही. माझ्या खांद्यावरून बघत राहिली. मी फोटो मोठा केला, मोठा केला, आणि करंगळी टेकवली. लाल आला, ठिपक्याएवढा, आणि ठिपक्यातच राहिला. मग फोटो लहान करून आम्ही दोघींनी बघितला. ह्या वेळी मी आधी तिचं कपाळ बघितलं, मग झाड.